विमानात इंधन किती घ्यायचे, याचा हिशेब शेवटाकडून का मांडतात?

24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले हवाई क्षेत्र बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणारी एअर इंडियाची काही विमाने वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. इंडिगोने तर अल्माटी आणि ताश्कंद ही शहरे आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचे सांगून तिथली उड्डाणेच थांबवली. दिल्ली ते ताश्कंद हे सरळ रेषेतले अंतर सुमारे 1,600 किलोमीटर, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या दीडपटीहूनही कमी. तरीही वळसा घालायची वेळ येताच ते आवाक्याबाहेर जावे, याचे अनेकांना नवल वाटले. आपल्याकडे दर पावसाळ्यात असाच एक प्रसंग घडतो. दिल्लीहून आलेले विमान मुंबईच्या आसपास अर्धा तास घिरट्या घालते, मग अहमदाबादला जाऊन उतरते, आणि आतले प्रवासी ‘आणखी थोडा वेळ थांबले असते तर काय बिघडले असते’ म्हणून चरफडत बसतात.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. प्रत्येक उड्डाणाआधी कॅप्टनसमोर जो फ्लाइट प्लॅन येतो, त्यात इंधनाचा पाच-सहा ओळींचा एक तक्ता असतो. त्या ओळींचा अर्थ कळला की विमान कुठे, का आणि किती वेळ थांबू शकते, हे बऱ्याच अंशी आपले आपल्याला सांगता येते.

इंधन लिटरने नव्हे, किलोने का मोजतात?

प्रवासी विमानाची इंजिने जेट ए-1 नावाचे, रॉकेलच्या कुळातले इंधन जाळतात. आपल्याकडे सरकारी आणि व्यापारी व्यवहारात त्याला एटीएफ म्हणतात. त्यातून मिळणारी ऊर्जा त्याच्या वजनावर अवलंबून असते. आकारमान मात्र तापमानाबरोबर बदलते. एका अंशाला साधारण हजारात एक भाग, असे धरले तर 10 अंशांवरचे 10,000 लिटर आणि 40 अंशांवरचे 10,000 लिटर यांच्या वजनात दोनशे किलोंहून जास्त फरक पडतो. शिवाय विमानाला ते वजन उचलायचेही असते. म्हणून कॉकपिटमध्ये सगळा हिशेब किलोत किंवा टनांत चालतो.

अडचण अशी की इंधन पुरवणाऱ्याचे मीटर लिटर मोजते. ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी असतात त्या फरसबंद जागेवर, इंधनाची गाडी आली की आधी गाडी आणि विमान यांच्यामध्ये एक तार जोडतात, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडू नये. काचेच्या बरणीत नमुना काढून तो स्वच्छ आहे का हे पाहतात, आणि एका सिरिंजच्या टोकाला छोटी कॅप्सूल लावून त्यातून थोडे इंधन ओढतात. आतला पिवळा कागद हिरवट झाला तर इंधनात पाणी आहे असे समजायचे. मग पंखाजवळच्या पॅनेलवर हवे तेवढे किलो लावले की झडपा त्या आकड्याला आपोआप बंद होतात. शेवटी पावतीवर लिटर येतात. त्यांना त्या दिवशीच्या घनतेने गुणायचे, आधी टाकीत होते ते मिळवायचे आणि ही बेरीज विमानाच्या मापकांशी ताडून पाहायची. घनता सहसा दर लिटरला 0.8 किलोच्या आसपास असते.

हा गुणाकार चुकला तर काय होते, याचे उदाहरण कॅनडाने 23 जुलै 1983 रोजी पाहिले. एअर कॅनडाचे बोइंग 767 विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. त्याचे इंधनमापक बंद होते, म्हणून टाकीतली पातळी पट्टीने मोजली गेली: 7,682 लिटर. प्रवासासाठी 22,300 किलो हवे होते. त्या कंपनीच्या ताफ्यात मेट्रिक मापांवर चालणारी ही पहिलीच विमाने होती. आधीच्या विमानांचा हिशेब पौंडांत व्हायचा आणि त्यासाठी लिटरला 1.77 ने गुणायचे, ही सवय सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. त्याच सवयीने 7,682 ला 1.77 ने गुणले गेले, 13,597 आले, आणि हे किलो आहेत असे समजून उरलेल्या गरजेसाठी सुमारे 4,900 लिटर भरण्यात आले. खरी गरज 20,000 लिटरांहून अधिक होती. 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अजस्र विमान तरंगत गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. विमानातल्या 69 जणांपैकी कोणीही दगावले नाही. गणिताच्या दृष्टीने पाहिले तर एवढ्या कडी-दुव्यांतून गेलेली बेरीज कोणालाच खटकली नाही, याचे कारण आकडा दिसायला अगदी वाजवी होता. चूक फक्त एककात होती.

तक्त्यातल्या ओळी

आता मूळ हिशेब. ‘तिथपर्यंत जायला किती लागेल’ इथून तो सुरू होतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सुरू होतो ‘सगळे बिनसल्यावरही टाकीत किती उरले पाहिजे’ इथून, आणि तिथून मागे मागे येतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयकाओचे, निकष हेच आहेत आणि आपल्या डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियमही त्याच आराखड्यावर आहेत.

दिल्लीहून मुंबईला येणारे, जुलै महिन्यातले एक एअरबस ए320 विमान घेऊ. पुढचे आकडे ढोबळ आहेत. विमानाचे वय, वजन आणि त्या दिवशीचे वारे यांनुसार ते बदलतात, पण प्रमाण समजायला पुरेसे आहेत.

सर्वांत तळाची ओळ ‘अंतिम राखीव’ इंधनाची. जेट विमानासाठी हे म्हणजे विमानतळापासून 1,500 फूट उंचीवर 30 मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे इंधन. ए320 साठी सुमारे 1,150 किलो. हे वापरण्यासाठी नसते. नियोजनात ते टाकीत घेऊनच विमान उतरले पाहिजे, मग ते कुठेही उतरो.

त्यावरची ओळ पर्यायी विमानतळाची. मुंबईला उतरता आले नाही तर पुन्हा वर चढून दुसरीकडे जायला लागणारे इंधन यात येते. अहमदाबाद सुमारे 440 किलोमीटरवर आहे; तिथपर्यंत 1,900 किलो धरू.

मग मुख्य प्रवासाचे इंधन, म्हणजे दिल्लीच्या धावपट्टीवरून उचलल्यापासून मुंबईच्या धावपट्टीला टेकेपर्यंतचे. ते 4,600 किलो. अंदाज चुकू शकतो म्हणून त्याच्यावर ‘आकस्मिक’ इंधन घ्यायचे: प्रवासाच्या इंधनाच्या 5 टक्के, किंवा 1,500 फुटांवर 5 मिनिटे घिरट्या घालण्याइतके, यांपैकी जे जास्त असेल ते. इथे 5 टक्के म्हणजे 230 किलो आणि 5 मिनिटे म्हणजे सुमारे 190 किलो, तेव्हा 230 घ्यायचे. दिल्लीच्या भल्यामोठ्या विमानतळावर जागेवरून धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाण्यासाठी 250 किलो.

बेरीज 8,130 किलो. हा किमान आकडा. यापेक्षा कमी इंधनावर विमान निघू शकत नाही. पण जुलै आहे, मुंबईत ढग आहेत, म्हणून कॅप्टन आपल्या अधिकारात आणखी 1,000 किलो मागतो. अशा जादा इंधनासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. वजनाच्या मर्यादा तेवढ्या पाळाव्या लागतात. टाकीत जाते 9,130.

किमान आकड्यातले फक्त 4,850 किलो दिल्ली-मुंबई प्रवासात जळणार आहेत. उरलेले 3,280 किलो, म्हणजे सुमारे 40 टक्के, सगळे सुरळीत पार पडले तर न वापरता मुंबईत उतरते. ‘विमानात मोजूनमापून तेवढेच इंधन असते’ हा समज यासाठी खोडून काढायला हवा.

मुख्य प्रवासाचा आकडा येतो कुठून?

वरच्या तक्त्यातल्या ओळींपैकी सर्वांत गुंतागुंतीची हीच. अंतर ठाऊक असले तरी विमान जमिनीवरून नाही, हवेतून जाते, आणि हवा स्वतः चाललेली असते.

मुंबई-लंडन अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किलोमीटर धरला आणि वारा अजिबात नसला तर आठ तास लागतील. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा सरासरी ताशी 100 किलोमीटरचा असेल, तर लंडनला जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग 800 होतो आणि नऊ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी येतो, वेग 1,000 होतो आणि 7 तास 12 मिनिटे लागतात. एकाच वाऱ्याने जाताना एक तास खाल्ला आणि येताना 48 मिनिटेच परत दिली. जाता-येता हिशेब सारखाच पडेल असे समजणाऱ्याची इथे फसगत होते. म्हणून कंपनीच्या नियंत्रण कक्षातला डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाचे नियोजन करणारा परवानाधारक अधिकारी, संगणकाला वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांचा अंदाज पुरवतो आणि अनेकदा नकाशावर लांब दिसणारा पण वाऱ्याला सोयीचा मार्ग निवडतो.

उंचीचाही मोठा भाग आहे. 35,000 फुटांच्या वर हवा विरळ असते, तिथे तेवढ्याच वेगाने जायला इंधन कमी लागते. पण जड विमानाला सुरुवातीला एवढे वर जाता येत नाही. ते आधी थोडे खाली राहते, इंधन जळून वजन घटले की दोन हजार फूट चढते, पुन्हा काही तासांनी आणखी चढते. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने गर्दीमुळे वर जाऊ दिले नाही, तर त्या दिवशी अंदाज बिघडतो. समुद्रावरून जाणाऱ्या लांबच्या उड्डाणांसाठी आणखी एक तपासणी करतात: मध्यावर एक इंजिन बंद पडले किंवा केबिनमधला दाब गेला आणि 10,000 फुटांवर उतरून जावे लागले, जिथे इंधन भराभर जळते, तर जवळच्या विमानतळापर्यंत पोचता येईल का? उत्तर नकारार्थी आले तर तेवढे जादा घ्यावे लागते.

प्रत्येक विमानाची भूकही वेगळी असते. एकाच बनावटीची दोन विमाने असली तरी जुनी इंजिने आणि डागडुजी झालेले पंख यांमुळे एखादे विमान दोन-तीन टक्के जास्त पिते. कंपनी त्या त्या विमानाच्या नोंदी ठेवून हा गुणक संगणकाला देते.

आणि मग वजन. प्रवाशांना तराजूवर उभे करत नाहीत, सरासरी वजने वापरतात. सामान आणि माल मात्र मोजलेला असतो. वजनावर इंधन ठरते आणि इंधनही वजनच असते, त्यामुळे गणित एका फेरीत सुटत नाही. उतरतानाचे वजन धरायचे, तिथून एक एक टप्पा मागे येत किती जळाले असेल ते मिळवत जायचे, निघण्याच्या जागी पोचायचे, आलेले उत्तर पुन्हा गणितात घालून तपासायचे. दोन फेऱ्यांची उत्तरे जुळली की थांबायचे.

मग टाकी पूर्णच का भरत नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि तो अगदी रास्त आहे.

राजगडाहून तोरण्याला पायी निघताना पाठीवर पाच लिटर पाणी घेतले तर तहानेची काळजी मिटते, पण ते ओझे वाहतानाच एवढा घाम निघतो की त्यातले बरेच पाणी त्या घामाची भरपाई करण्यात संपते. विमानाचे असेच आहे. जादा घेतलेल्या इंधनापैकी साधारण 3 ते 4 टक्के दर तासाला केवळ ते वाहून नेण्यात जळते. लंडनपर्यंत गरजेपेक्षा एक टन जास्त नेले तर तिथे पोचेपर्यंत त्यातले सुमारे 300 किलो गेलेले असतात.

खर्चापेक्षा मोठी अडचण उतरण्याच्या वजनाची. ए320 च्या टाक्यांत सुमारे 19 टन इंधन मावते. प्रवासी आणि सामान धरून पण इंधन सोडून विमानाचे वजन 60 टन आहे आणि उतरताना ते 66 टनांपर्यंतच असू शकते, असे समजा. म्हणजे टेकताना टाकीत जास्तीत जास्त 6 टन इंधन चालेल. दिल्लीहून टाकी भरून निघालो तर मुंबईला 14 टनांहून अधिक उरेल, आणि विमान मर्यादेपेक्षा आठ टनांनी जड असेल. धावपट्टी ओली, विमान जड, ब्रेक लागायला जास्त अंतर: पावसाळ्यात हे तिन्ही एकत्र कोणालाच नको असतात. काही मोठ्या विमानांना हवेतच इंधन सोडून देण्याची सोय असते. ए320 ला ती नाही. त्याला घिरट्या घालून जाळत बसावे लागेल.

शेजारी नवी मुंबई असताना अहमदाबाद कशाला?

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. जवळचा पर्याय धरला तर वरच्या तक्त्यातले 1,900 किलो बरेच कमी होतील, हे खरे. पण पर्याय म्हणून नोंदवण्याआधी तिथे पोचण्याच्या वेळी हवामान ठरावीक पातळीपेक्षा चांगले असेल, असा अंदाज हातात लागतो. सांताक्रुझला जो काळा ढग आहे तोच पनवेलवर असेल, तर नवी मुंबई कागदावर जवळ आणि प्रत्यक्षात तितकीच बंद. कारण हवामानाचे नसून धावपट्टीचे असेल तेव्हा मात्र शेजारचा विमानतळ खरोखर उपयोगी पडू शकतो.

धावपट्टीचे कारण मुंबईला नवे नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत, आणि वर्दळीच्या वेळी तासाला 45 च्या आसपास विमाने एकाच पट्टीवरून चढत-उतरत असतात. 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेले एक विमान मुख्य पट्टी ओलांडून पुढे गेले आणि ती पट्टी काही दिवस बंद राहिली. अशा क्षणी हवेत असलेल्या प्रत्येक विमानाला आपापल्या तक्त्यातली ती 1,900 किलोंची ओळ आठवते. सगळी एकाच वेळी अहमदाबादकडे वळली तर तिथल्या जागाही भरतात. म्हणून अनुभवी वैमानिक वळण्याआधीच हैदराबाद, गोवा, नागपूर यांची चौकशी करून ठेवतात.

घिरट्या किती वेळ घालायच्या?

आता आपले विमान मुंबईवर आले आहे. 9,130 पैकी 4,850 जळले, टाकीत 4,280 किलो आहेत. अहमदाबादला जायला 1,900 आणि तिथे उतरताना उरलेच पाहिजेत ते 1,150, मिळून 3,050. टाकी या आकड्याला आली की निघायचे. थांबण्यासाठी हातात राहतात 1,230 किलो. घिरट्या घालताना ए320 तासाला सुमारे 2,300 किलो जाळते, म्हणजे 32 मिनिटे. कॅप्टनने दिल्लीत ते जादा 1,000 किलो घेतले नसते तर सहा मिनिटे. प्रवाशांच्या ‘अजून थोडा वेळ’ची मर्यादा निघण्याआधीच ठरलेली असते ती अशी.

उतरण्याचा प्रयत्न करून तो सोडून पुन्हा वर जायचे, याला गो-अराउंड म्हणतात. त्यात इंजिनांना पूर्ण जोर लावावा लागतो आणि परत रांगेत यायला वेळ जातो, त्यामुळे एका गो-अराउंडला काहीशे किलो पडतात. 18 ऑगस्ट 2015 रोजी दोहाहून कोचीला आलेल्या एका बोइंग 737 ने तिथे तीनदा प्रयत्न केला, दृश्यमानता कमी असल्याने तो फसला, आणि मग विमान तिरुवनंतपुरमकडे वळले. तिथेही तीच परिस्थिती. एकूण सातव्या प्रयत्नात ते टेकले तेव्हा टाक्यांत 350 किलोंच्या आसपास इंधन होते. अंतिम राखीव इंधन कशासाठी असते आणि ते कुरतडले जाणे किती गंभीर आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

नियंत्रण कक्षाशी बोलण्याची भाषाही याच तक्त्याला बांधलेली आहे. आता दुसरा पर्याय उरला नाही आणि आणखी उशीर झाला तर अंतिम राखीव इंधनाला हात लागेल, अशा वेळी वैमानिक ‘मिनिमम फ्युएल’ म्हणतो. ही सूचना आहे. तिने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. राखीव इंधन मोडूनच उतरावे लागणार असे गणित सांगू लागले की तीनदा ‘मेडे’ (ही आणीबाणीची हाक) आणि मग ‘फ्युएल’ म्हणायचे, आणि तेव्हा बाकी सगळे बाजूला केले जाते. नेमके शब्द इतके का महत्त्वाचे, याचे उत्तर 25 जानेवारी 1990 च्या न्यूयॉर्कजवळच्या अपघातात आहे. कोलंबियाहून आलेले आव्हियांकाचे बोइंग 707 तासाहून अधिक वेळ घिरट्यांत अडकले होते. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले, पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द उच्चारला नाही, आणि नियंत्रकांना निकड कळली नाही. 73 जण मृत्युमुखी पडले.

कंपन्या पैसे वाचवायला इंधन कमी टाकतात, हे खरे का?

इंधन ही विमान कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक बाब असल्याने संशय येणे स्वाभाविक आहे. कंपन्या काटकसर करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणता कॅप्टन सरासरीपेक्षा किती जास्त इंधन मागतो, याच्या नोंदी ठेवल्या जातात. काही ठिकाणी नियामकाच्या संमतीने आकस्मिक इंधनाचे 5 टक्के, त्या मार्गावरच्या प्रत्यक्ष आकडेवारीच्या आधारे, कमी करता येतात. माझ्या मते यात गैर काही नाही, जोवर शेवटचा शब्द कॅप्टनचा आहे आणि नोंदींचा वापर त्याला जाब विचारण्यासाठी होत नाही. दुसरी अट पाळली जाते की नाही, हे मात्र बाहेरून दिसत नाही.

उलट काही वेळा कंपन्या गरजेपेक्षा जास्त इंधनही नेतात. एटीएफ जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट निराळा आहे. महाराष्ट्राने मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई-पुणे परिसरासाठी तो 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला, त्याला हीच पार्श्वभूमी होती. जिथे इंधन स्वस्त तिथे परतीचेही भरून घ्यायचे, याला टँकरिंग म्हणतात. वाहून नेण्यात जळणारे 3-4 टक्के आणि दरातला फरक यांची तुलना करून संगणक ते ठरवतो.

किमान आकड्याशीच खेळ झाला तर काय होते, हे 28 नोव्हेंबर 2016 च्या लामिया कंपनीच्या विमानाने दाखवले. बोलिव्हियातून कोलंबियातल्या मेडेयीनला ब्राझीलचा शापेकोएन्से हा फुटबॉल संघ घेऊन निघालेल्या त्या विमानाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासाचा वेळ 4 तास 22 मिनिटे लिहिला होता आणि इंधन पुरण्याचा वेळही 4 तास 22 मिनिटे. पर्यायी विमानतळ, आकस्मिक, अंतिम राखीव, या सगळ्या ओळी शून्य. मेडेयीनजवळ दुसऱ्या विमानाला प्राधान्य मिळाल्यामुळे त्याला थोडे थांबावे लागले, इंजिने बंद पडली आणि 77 पैकी 71 जणांचा मृत्यू झाला.

वळसा आणि व्हिएन्ना

दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या बोइंग 777-300ईआर विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे 351 टन आणि टाक्यांत मावणारे इंधन सुमारे 145 टन. ते तासाला सात-आठ टन जाळते. वळशामुळे प्रवास दीड तासाने वाढला तर दहा-बारा टन जास्त लागणार, ते सोळा-सतरा तास वाहून नेण्यासाठी आणखी काही टन, आणि 5 टक्क्यांचा हिशेब वाढल्याने आकस्मिकही थोडे वाढणार. कमाल वजन मात्र तेवढेच राहते. उन्हाळ्यात दिल्लीची हवा तापून विरळ झाली की ते कमाल वजनही गाठता येत नाही. मग प्रवासी किंवा माल कमी करायचा, नाहीतर वाटेत उतरून इंधन घ्यायचे. व्हिएन्नाचा थांबा हा दुसरा पर्याय. लहान विमानांना ताश्कंदसाठी वळसाच एवढा लांब पडत होता की कोणताही पर्याय परवडणारा उरला नाही.

अहमदाबादहून लगेच का निघत नाहीत?

मुंबईत पाऊस थांबल्याचे मोबाइलवर दिसते, आणि विमान तासभर जागचे हलत नाही. 32 मिनिटे थांबून आलेल्या आपल्या विमानाच्या टाकीत आता 1,150 किलो आहेत. अहमदाबाद-मुंबई हे नवे उड्डाण असल्याने नवा तक्ता लागतो: रांगेसाठी 150, प्रवासाला 1,900, आकस्मिक म्हणून 5 मिनिटांचे 190 (कारण 5 टक्के केले तर 95 च येतात), मुंबई पुन्हा बंद झाली तर अहमदाबादला परतण्यासाठी 1,900 आणि अंतिम राखीव 1,150. एकूण 5,290. म्हणजे आणखी 4,140 किलो, लिटरमध्ये सुमारे 5,200, भरून घ्यायचे. इंधनाच्या गाड्या मोजक्या आणि वळून आलेली विमाने दहा. त्यानंतर मुंबईकडून उतरण्याची वेळ मिळावी लागते, आणि ती वेळ वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या मर्यादेपलीकडची निघाली तर दुसरे वैमानिक येईपर्यंत विमान भरलेल्या टाकीसह तिथेच उभे राहते.